सवडीचे काम

आमच्या घरात ज्या कामांबद्दल 'सवडीने कर' असे म्हटले जाते, ती कामे सहसा होत नाहीत. माळ्यावरची पितळेची भांडी उतरवून घासणे, लग्नापासूनचे सुटे फोटो अल्बममध्ये लावणे आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध पुरा करणे ही तीन कामे त्या यादीत कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदत होती. 2020 च्या एप्रिलात भांडी उतरली, चिंच लावून लखलखीत झाली आणि पुन्हा माळ्यावर गेली. मे महिन्यात अल्बम लागला. प्रबंधाची त्या संपूर्ण वर्षात अकरा पाने झाली आणि त्यांतली सात पुढे मी स्वतःच काढून टाकली.

त्या अकरा पानांचा हिशेब मी अजून अधूनमधून मांडत असते. आळस म्हणावा, तर त्या वर्षी मी रात्री साडेअकराच्या आत क्वचितच पाठ टेकली होती. आजारपण म्हणावे, तर आमच्या घरात कोरोनाच्या पहिल्या लाटेत कोणालाही काही झाले नाही. वेळ नव्हता म्हणावे, तर कॉलेज बंद, एसटी बंद, लग्नकार्ये बंद, आणि घड्याळातले चोवीस तास जसेच्या तसे शिल्लक होते.

मी सातारला राहते आणि पन्नास मिनिटांच्या अंतरावरच्या तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझा विषय 1896 ते 1898 या काळातला मुंबई इलाख्यातला प्लेग हा आहे. त्यातही रोग फारसा नाही, तर रोगाच्या निमित्ताने झालेली घरांची आणि प्रवाशांची तपासणी, आणि त्या तपासणीविरुद्ध साध्या माणसांनी सरकारकडे केलेले अर्ज. नोंदणी 2016 ची आहे. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे प्रबंधाला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात आणि स्त्रियांना आणखी दोन. ही दोन वर्षे कशासाठी, याची फोड नियमात केलेली नाही, पण ज्याला कळायची त्याला ती कळते.

2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात नऊ दिवस बसून पेन्सिलीने चार वह्या भरल्या होत्या. न पाहिलेल्या खंडांची यादी चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावर होती, आणि ते खंड उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहायचे असे ठरले होते. मग 13 मार्च 2020 रोजी राज्यात साथरोग कायदा लागू झाल्याची बातमी आली. हा कायदा 1897 चा, चार कलमांचा, प्लेगसाठी केलेला. माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्याच्यावर आहे. त्या संध्याकाळी आमच्या भूगोलाच्या सरांनी विभागाच्या ग्रुपवर लिहिले, "मॅडम, तुमचा सिलॅबस चालू झाला." मीही हसण्याचे चिन्ह पाठवले. तोवर हसता येत होते.

24 मार्चच्या रात्री एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. "अहो, सोनं झालं तुमच्या विषयाचं. आता सवड आहे, बसून लिहून काढा." त्याच आठवड्यात न्यूटनचा संदेश फिरू लागला, तो बहुतेक सर्व प्राध्यापकांना चार-पाच जणांकडून तरी आला असेल: 1665 च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद पडले, न्यूटन गावी वुल्सथॉर्पला जाऊन बसला आणि त्या निवांतपणात त्याने गणित आणि प्रकाशाचे सिद्धांत शोधले, तुम्ही काय करणार? इतिहासाची शिक्षिका म्हणून मला त्या संदेशाचा रागच आला, कारण न्यूटनची ती कामे प्लेगच्या आधीच सुरू झालेली होती आणि मधल्या काळात तो काही महिने केंब्रिजला परतलाही होता. शिवाय त्याला मूलबाळ नव्हते, आणि रोज रात्री कोणत्याही रकान्यात काही भरून पाठवायचे नव्हते. पण राग येऊनही मी एक वेळापत्रक केलेच. सकाळी पाच ते आठ लेखन, अकरा ते एक ऑनलाइन तास, तीन ते पाच वाचन. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. बाहेरून चिकटवायचे धाडस झाले नाही, यातच माझा स्वतःवरचा विश्वास दिसून येतो.

टेबल हा पहिला प्रश्न होता. आमच्या घरी तीन खोल्या आहेत आणि स्वतंत्र टेबल एकही नाही. खिडकीजवळ सासूबाईंचे पायाचे शिलाई मशिन आहे. त्याचे झाकण लावले की लॅपटॉप बरोबर मावतो. मी तिथे बसू लागले. लिहिता लिहिता वाक्य अडले की पाय आपोआप पायटा दाबायचा आणि खाली चाक फिरायचे, आणि काही दिवसांनी तर चाकाच्या आवाजावरून मला कळू लागले की आपण किती वेळ अडलेलो आहोत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवायला घेतले. आधी घरापुरते, मग आळीतल्या भाजीवाल्यांसाठी, मग नगरपालिकेच्या सफाई कामगारांसाठी. त्या कधीही "ऊठ" म्हणाल्या नाहीत. कापड कापून, घड्या घालून, शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "तुझं होऊ दे. मी काय, सवडीनं शिवीन." असे म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने बसून राहणार? बाहेर माणसांना तोंडाला बांधायला फडके हवे होते आणि मी 1897 सालच्या रेल्वे स्थानकांवरच्या तपासणीबद्दल एक परिच्छेद फिरवून फिरवून लिहीत होते. मी लॅपटॉप उचलून पलंगावर जायचे. पलंगावर माझी तिसरीतली मुलगी माझ्याच मोबाइलवर शाळेत बसलेली असायची.

अहो बँकेत आहेत. बँका अत्यावश्यक सेवेत आल्यामुळे ते रोज जात होते, आणि परतल्यावर आंघोळ, कपडे वेगळे भिजवणे, पिशवी उन्हात, हा तासाभराचा विधी असायचा. म्हणजे घरात एकाच माणसाला 'कामावर जाणे' उरले होते, आणि जो कामावर जातो त्याचे काम खरे. मी घरात होते, तेव्हा माझे काम घरातल्या इतर हालचालींसारखेच, मधेच थांबवून पुन्हा सुरू करता येण्यासारखे दिसत असावे. यात कोणाची कुरकूर नव्हती. मला स्वतःलाही ते तसेच दिसू लागले होते, ही खरी अडचण.

त्या दिवसांत 'लवचिक वेळ' हा शब्द परिपत्रकांतून आणि वेबिनारांतून सारखा ऐकू यायचा. अध्यापकाला आता लवचिकपणा मिळाला आहे, त्याने आपल्या सोयीने काम करावे. नियमाने आमचा आठवडा चाळीस तासांचा आहे आणि सहायक प्राध्यापकाला त्यांतले सोळा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवायचे असतात. वर्गाला घंटा असते. उरलेल्या चोवीस तासांना घंटा नसते, आणि संशोधन त्या बिनघंटेच्या तासांत राहते. टाळेबंदीत घंटाच गेली आणि सगळेच तास तसे झाले. झूमच्या फुकटच्या चाळीस मिनिटांत हजेरी, "मॅडम आवाज येत नाही" आणि धडा, हे सगळे बसवायचे; बैठक तुटली की पुन्हा दुवा पाठवायचा. आमची अर्धी मुले डोंगरातल्या गावांची; कोणी रेंजसाठी देवळाच्या कट्ट्यावर, तर कोणाचा फोन थोरल्या भावाच्या खिशात, आणि तो भाऊ रानात. ती मुले रात्री नऊनंतर एकेक करून फोन करत, आणि मला त्यांना 'उद्या बघू' म्हणता येत नसे. त्यात रोजच्या कामाचा तक्ता भरायचा: तारीख, तास, दुवा, उपस्थित विद्यार्थी, पुराव्यादाखल स्क्रीनशॉट आणि शेवटी 'इतर शैक्षणिक कार्य'. त्या शेवटच्या रकान्यात मी पहिले काही दिवस 'प्रबंधलेखन' असे लिहिले. मग त्यालाही स्क्रीनशॉट हवा असे कळले. कोऱ्या पानावर लुकलुकणाऱ्या रेघेचा फोटो काढून पाठवावा असे एकदा मनात आले होते.

कोणतीही लवचिक वस्तू ओढली की जिथे ती सर्वांत पातळ असते तिथे ताणली जाते. नाडीचे तसेच, रबराचेही तसेच. माझ्या दिवसात सर्वांत पातळ जागा प्रबंधाची होती, कारण 'आज का नाही झाला' असे विचारणारा त्याला कोणीही नव्हता. मुले विचारत होती, कॉलेज विचारत होते, मुलीची शाळा विचारत होती, कुकरसुद्धा शिट्टी देऊन विचारत होता. जो विचारत नाही त्याच्या वाट्याचा वेळ विचारणाऱ्याला जातो.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. एसटीने जाण्या-येण्यात रोज वाया जाणारे पावणेदोन तास वाचले, या आनंदात मी होते. पण माझे सगळे वाचन त्या एसटीतच व्हायचे. सकाळच्या गाडीला कंडक्टर ओळखीचे, जागा बहुधा डाव्या खिडकीची, मांडीवर पर्स आणि पर्सवर झेरॉक्सचा गठ्ठा. पन्नास मिनिटे मला कोणीही हाक मारू शकत नव्हते. मुलगी रडली तर रडली, दूध उतू गेले तर गेले. मी गाडीत होते, त्याला इलाज नव्हता. घरापासून कॉलेजपर्यंतचे ते अंतर हीच माझी अभ्यासिका होती, आणि ती बंद झाल्याचे मला वाचलेल्या वेळेच्या हिशेबात दिसलेच नाही.

त्याच वर्षी जुलैत अमेरिका आणि युरोपातल्या साडेचार हजार संशोधकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाहणी एप्रिल 2020 ची होती. त्यात त्यांचे कामाचे तास आठवड्याला सरासरी 61 वरून 54 वर आलेले होते, म्हणजे उतरल्यावरही ते आमच्या चाळीसच्या वरच. प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्या शास्त्रांत संशोधनाचा वेळ तीस ते चाळीस टक्क्यांनी घटला होता. गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्रात सर्वांत कमी. पण माझे लक्ष पुढच्या आकड्यांवर अडले. इतर सर्व गोष्टी सारख्या धरल्या तरी स्त्रियांचा संशोधनाचा वेळ पुरुषांपेक्षा पाच टक्के अधिक घटला होता, आणि ज्यांच्या घरी पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल आहे त्यांचा सतरा टक्के अधिक. माझी मुलगी आठ वर्षांची, म्हणजे त्या सतरा टक्क्यांत मी बसत नव्हते. मला क्षणभर चक्क वाईट वाटले, की आपल्याला तेवढेही निमित्त नाही.

त्याआधी एप्रिलातच तत्त्वज्ञानाच्या एका ब्रिटिश नियतकालिकाच्या उपसंपादक एलिझाबेथ हॅनन यांनी लिहिले होते, की महिनाभरात स्त्रियांकडून आलेल्या लेखांची संख्या नगण्य आहे आणि असे आपण पूर्वी कधी पाहिलेले नाही. ते वाचून मला बरे वाटले, आणि असल्या बातमीने बरे वाटले म्हणून वाईटही वाटले.

आमच्याच स्टाफरूममधल्या माणसांवर हे आकडे ताडून पाहता येत होते. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमच्या टिश्यू कल्चरच्या बाटल्या कॉलेजात अडकल्या. जूनमध्ये प्रयोगशाळा उघडली तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाटलीत करडी बुरशी होती. दीड वर्षाचे काम त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन काढले आणि बाटल्या उपड्या घालून ठेवल्या. उलट गणिताच्या सरांचे त्या वर्षी तीन शोधनिबंध आले. ते सज्जन आहेत, त्यांनी बढाई मारली नाही, पण एकदा फोनवर सहज म्हणाले, "मॅडम, खरं सांगायचं तर इतकी शांतता मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती." त्यांच्या मागे फोनवरही भांड्यांचा आवाज येत होता. तो त्यांना ऐकू येत नसावा.

आणि मराठी विभागातला आमचा तासिका तत्त्वावरचा सहकारी. त्याला तासाप्रमाणे पैसे. तास नाही, तर पैसे नाहीत. आम्हा पूर्णवेळ लोकांचा मार्चचा पगार सरकारने दोन टप्प्यांत दिला तर आमच्या ग्रुपवर चार दिवस तीच चर्चा होती, आणि हा त्या ग्रुपवर गप्प असायचा. 4 मेच्या शासन निर्णयाने नवी भरतीही थांबली. त्याने गावी जाऊन मेहुण्याच्या पोल्ट्रीवर काम धरले. त्याच वर्षी त्याचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले, दोन्ही मान्यताप्राप्त यादीतल्या नियतकालिकांत. मी अभिनंदनाचा फोन केला आणि न राहवून विचारले, की हे जमले कसे. तो म्हणाला, "मॅडम, भीतीनं लिहिलेत ते. भरती कधीतरी निघेल, तेव्हा गुण कमी पडायला नकोत. मी त्याला संशोधन म्हणतच नाही, नोकरीचा अर्ज म्हणतो." त्यानंतर चिंता आणि काम यांचे नाते सांगणारे सरळ आलेख मला पटेनासे झाले. माझी चिंता मला लिहू देत नव्हती आणि त्याची चिंता त्याला लिहायला बसवत होती. माझ्या चिंतेखाली दर महिन्याचा पगार होता, हा फरक मी कितीही नजरेआड केला तरी जात नाही.

माझी चिंता कशाची होती, ते नीट सांगायला हवे. रोगाची भीती तर होतीच. घरात बासष्ट वर्षांच्या सासूबाई आणि रोज नोटा हाताळणारा नवरा. पण लिहायला बसल्यावर जे व्हायचे ते निराळेच होते. वहीत माझ्याच पेन्सिलीच्या अक्षरात 1897 सालची टिपणे असायची: कोणत्या स्थानकावर उतारूंना खाली उतरवून तपासले, घराची झडती कोणत्या वेळी घेतली, आजारी माणसाला घरच्यांनी कुठे लपवले. ही टिपणे घेताना मी शांत होते. गेलेल्या लोकांची दुःखे होती ती. त्यांच्याकडे पाहण्याची एक सवय असते, जिला आम्ही अभ्यास म्हणतो. आता सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारात आल्या, तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन, आणि सासूबाईंनी आदल्या रात्रीचा खोकला हटकून सांगितला नाही. मी शेजारी उभी होते आणि मीही गप्प बसले. आशाताई गेल्यावर मी आत येऊन वही उघडली, तर समोरच 'घरच्यांनी लपवले' असे माझेच अक्षर, आणि त्याखाली मी 2019 साली समासात मोठ्या ऐटीत लिहिलेला शब्द: 'अज्ञान?'. ते प्रश्नचिन्ह होते एवढेच नशीब. खोकला तीन दिवसांत गेला, पण ते प्रकरण मला पुढे चार महिने हात लावू देईना.

लोकांना वाटत होते की विषय जिवंत झाला म्हणजे लिहिणे सोपे झाले असेल. अभ्यासाला लागणारी पावलाभराची दूरता त्यात संपते, हे त्यांना कसे सांगावे ते मला कळत नव्हते.

त्या वर्षी माझी सगळी अचूकता कुठे खर्च झाली, त्याची एक हकिगत आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही याचा वाद चालता चालता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, आणि आम्हाला काही दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांचे संच काढायला सांगितले गेले. मी चार वर्षे ज्या विषयात बुडाले होते त्यावर एक प्रश्न काढला: रँडचा खून कोणत्या दिवशी झाला? पर्याय अ, 22 जून 1897. पर्याय ब, 3 जुलै 1897. उरलेले दोन असेच भरीचे. उत्तर 'अ' धरले होते. परीक्षा झाल्यावर एका मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "मॅडम, गोळी बावीस जूनला लागली, पण तो तीन जुलैला मेला ना? मग खून झाला कधी म्हणायचा?" प्रश्न सुंदर होता. वर्गात विचारला असता तर मी अख्खा तास त्यावर घालवला असता. गुन्हा कृतीच्या दिवशी घडतो की परिणामाच्या, कागदपत्रांत कोणती तारीख कशासाठी येते, चापेकरांवरच्या आरोपाची भाषा काय, असे कितीतरी. फोनवर मी एवढेच म्हणाले, की प्रश्न सदोष होता, दोन्ही उत्तरांना गुण मिळावेत म्हणून कळवते. नंतर तिचे ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवले. त्या वर्षातली माझ्या संशोधनाशी संबंधित सर्वांत चांगली नोंद तीच असावी.

कागद मिळत नव्हते, ही सबब मात्र पूर्ण खरी नव्हती. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन भारतातल्या रोगराईचे छापील अहवाल संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचेही संकेतस्थळ आहे, आणि पलंगावर बसून जनरल गेटेकर यांच्या मुंबई प्लेग समितीचे काम मला पानापानाने पाहता येत होते. मी ते पाहिले, आणि काढून टाकलेली सात पाने त्यावरच लिहिली होती. काढून टाकली, कारण पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या पानांत फक्त तपासणाऱ्याचा आवाज आहे. छापून निघाले ते सरकारचे. अर्ज करणाऱ्यांचे कागद न छापलेल्या खंडांत, मुंबईच्या बंद इमारतीत. घरबसल्या संशोधनाने माझा वेग कमी केलाच, पण जे सहज हाताला येते त्याच्याकडे माझा विषयही हळूच वळवून नेला, आणि हे कोणत्याही तक्त्यात दिसले नसते. उलट त्या सात पानांचा एक शोधनिबंध झाला असता आणि तो मोजलाही गेला असता.

यावरून मला गोखल्यांची आठवण व्हायची. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले 1897 साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेले होते. पुण्यातल्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांच्या वर्तनावर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा कोणीही पुढे येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप साफ खोटे होते असे मला वाटत नाही. साक्षीदार हाताशी नव्हते, एवढेच. दूर बसून, दुसऱ्याने पाठवलेल्या कागदावर विसंबून लिहिण्याची जी काही किंमत असते, ती एका प्राध्यापकाने त्याच साथीत मोजली होती, आणि मी तर त्याच साथीवर, तसेच दूर बसून, लिहीत होते.

मोजले जाण्याचे दुसरेही एक दालन होते, त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची आता गंमतच वाटते. वेबिनार. मे ते जुलै या तीन महिन्यांत मी एकेचाळीस ई-प्रमाणपत्रे मिळवली. दुवा उघडायचा, आवाज बंद ठेवून भाजी निवडायची, शेवटी दहा प्रश्नांचा अर्ज भरायचा, की प्रमाणपत्र मेलवर. कधी मेल पाठवण्याची दिवसाची मर्यादा संपली म्हणून ते दुसऱ्या दिवशी यायचे आणि तोवर मन चक्क हुरहुरायचे. पदोन्नतीला त्यांचा फारसा उपयोग नाही हे ठाऊक असूनही मी ती गोळा करत गेले, कारण एकाही पानाचे लेखन न झालेल्या दिवशी संध्याकाळी हाताला काहीतरी लागलेले असायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाला सहा महिन्यांची मुदतवाढ दिली तेव्हा ज्यांचे काम होत आले होते ते हळहळले आणि ज्यांचे अडले होते त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी दुसऱ्या गटात होते. सहा महिने आणखी मिळाले म्हणजे सहा महिने आणखी अपराधी वाटणार, हे गणित मला पुढे सुचले.

2021 च्या एप्रिलात सगळेच हिशेब थांबले. ज्या भूगोलाच्या सरांनी 'तुमचा सिलॅबस चालू झाला' असे लिहिले होते, ते गेले. चौपन्न वर्षांचे होते. ऑक्सिजनच्या खाटेसाठी आमच्या ग्रुपवर दोन रात्री फोन नंबर फिरत होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला. त्याच्या वरच, थोडे मागे सरकवले की, वेबिनारचा दुवा होता. मी त्या महिन्यात वही उघडली नाही, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटले नाही. पूर्ण वर्षात तेवढाच एक महिना तसा गेला.

जूनमध्ये सहामाही प्रगती अहवाल भरायचा होता. 'या कालावधीत झालेले संशोधनकार्य' या मथळ्याखाली चार ओळींची जागा असते. मी आधी ऑनलाइन अहवालांचे वाचन वगैरे लिहिले, मग खोडले. मग 'दुसऱ्या प्रकरणातील सात पाने रद्द केली. समासातील एक शेरा खोडला' असे लिहून सरांना पाठवले. सरांनी फोन केला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे असं पाठवता नाही येणार मॅडम. 'पुनर्लेखन चालू' म्हणा." मी तसे म्हटले.

20 ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली. एसटीचा संप लगेचच पेटल्यामुळे खिडकीची जागा काही मिळाली नाही. जीपने गुडघे आखडून जावे लागायचे आणि त्यात वाचणे अशक्य. डिसेंबरात मात्र मी चार दिवसांची रजा काढली, लसीच्या दोन्ही मात्रांचे प्रमाणपत्र छापून घेतले आणि मुंबईला गेले. चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावरची यादी दोन वर्षांत पुसट झाली होती. मागणीची चिठ्ठी भरून दिली आणि थांबले. खंड यायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ मी नुसती बसून होते, आणि त्या बसण्याबद्दल कोणालाही काही कळवायचे नव्हते. फोन पिशवीत बंद होता. खंड आला, सुतळी सोडली, आणि पहिल्याच गठ्ठ्यात अर्ज निघाले. लेखनिकाने सुबक अक्षरात लिहिलेले, खाली अर्जदारांच्या वेड्यावाकड्या सह्या आणि एका ठिकाणी अंगठा. मी पेन्सिल काढली.

किती वेळ गेला ते समजले नाही. शेजारचे टेबल रिकामे झाले होते आणि शिपाईमामा खिडक्या लावत माझ्यापर्यंत आले होते.

"मॅडम, वेळ झाली."

दोन वर्षांत हे वाक्य मला कोणीही म्हटले नव्हते. मी पान कुठवर झाले त्याची खूण लिहिली आणि सुतळी बांधू लागले. मामांनी खंड उचलता उचलता विचारले, "उद्या हाच देऊ का?"

"हाच द्या," मी म्हणाले.